मदरबोर्ड बदलला तो दिवस

मशीन उघडायचं ठरलं होतं त्या दिवशी सकाळी माझ्या घशाखाली चहासुद्धा उतरला नाही. आईने विचारलं, "पोट बिघडलंय का गं?" मी हो म्हटलं. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड आज बदलणार होता, आणि त्या कॉम्प्युटरबाबत मी बाईंशी खोटं बोललेले. हे आईला कसं सांगणार?

मी तेव्हा तेवीस वर्षांची. कोपरला चाळीत राहायचे. टायपिंगच्या दोन परीक्षा आणि सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स एवढ्यावर डोंबिवली पश्चिमेच्या एका दवाखान्यात लागलेले. बाई पन्नाशीच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यामुळेच त्यांची जास्त भीती वाटायची. केसपेपर काढणं, फोन घेणं ही माझी वरवरची कामं. खरं काम रक्तदात्यांची यादी सांभाळण्याचं. पूर्वी कधीतरी बाईंच्या डोळ्यांदेखत एक बाळंतीण वेळेवर रक्त न मिळाल्यामुळे गेली होती. तेव्हापासून त्या ओळखीतल्या, दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक धडधाकट माणसाचा रक्तगट विचारून लिहून ठेवत. वह्या भरल्या, तेव्हा त्यांनी ठाण्याच्या एका दुकानातून जुळवणीचा कॉम्प्युटर घेतला. जुळवणीचा म्हणजे कुठल्याही कंपनीचं नाव नसलेला. डबा एकाचा, बोर्ड दुसऱ्याचा, मॉनिटर तिसऱ्याचा. तीन-शहाऐंशीचा प्रोसेसर, दोन एमबी मेमरी, चाळीस एमबीची हार्ड डिस्क. पुढे टर्बोचं बटण, ते दाबलं की डब्यावरचा लाल आकडा बदलायचा. वेग किती बदलायचा ते देव जाणे.

वह्यांतली सगळी नावं मी त्यात चढवली. नाव, वय, रक्तगट, पत्ता, शेवटचं रक्त कधी दिलं, फोन. फोन बहुतेकांकडे नव्हताच. शेजाऱ्यांचा नंबर आणि पुढे पीपी. वह्या रद्दीत गेल्या. त्या बदल्यात बाईंनी मला एकच नियम घालून दिला. "दर महिन्याला यादी छापायची आणि माझ्या कपाटात ठेवायची. यंत्राचा काय भरवसा?"

पहिले चार-पाच महिने मी छापली. मग प्रिंटरची रिबन फिकी झाली, अक्षरं दिसेनात. नवी रिबन आणायची राहिली. जुनी छापील यादी मी फेकून दिली, कारण नवी आता छापणारच होते. पावसाळ्यात बाईंनी जाता जाता विचारलं, "यादी छापलीस ना?" मी म्हटलं, "हो." किती सहज निघून गेलं ते तोंडातून! त्यानंतर खरं सांगायला रोज उशीर होत गेला. एका फ्लॉपीवर मी यादी उतरवून ठेवलेली, तेवढाच आधार होता. पण ती फ्लॉपी ड्रॉवरमध्ये दमट हवेत पडून तिच्या आतल्या चकतीवर पांढरी बुरशी धरली, आणि एकदा वाचायला घातली तर मशीन नुसतं करकरत राहिलं. ती मी तशीच परत ड्रॉवरमध्ये ठेवली.

यादी वाढली तसं मशीन रडायला लागलं. एखाद्या गटाची नावं काढायची तर चहा पिऊन यावं. बाईंनी ठाण्याहून मेकॅनिकला बोलावलं. पस्तिशीचा, पातळ मिशीचा, बोलण्यात एकदम पक्का माणूस. त्याने टेबलाशी बसून आम्हाला पर्याय समजावले होते. एक, नुसती मेमरी वाढवा, दोनाची चार करा. दोन, बोर्डावर एक सॉकेट रिकामं आहे, त्यात गणित करणारी चिप बसते, पण तुम्हाला तिचा उपयोग नाही. तीन, मोठी हार्ड डिस्क. चार, बोर्डच बदला, पुढच्या पिढीचा, चार-शहाऐंशीचा टाका. डबा, डिस्क, कार्डं, मेमरी सगळी जुनीच राहील, आणि मशीन विमानासारखं पळेल.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुला काय वाटतं?"

मेमरी म्हटलं असतं तर काहीच घडलं नसतं. पण कोर्सला चार-शहाऐंशीचं एकच मशीन होतं आणि त्याला हात लावायला आम्हाला मिळायचं नाही. मी म्हटलं, "बोर्डच बदलूया, बाई."

तर त्या दिवशी दवाखाना दुपारी बंद झाल्यावर मेकॅनिक आला. बाई आतल्या खोलीत केसपेपर चाळत बसलेल्या. त्याने पिशवीतून नवा बोर्ड काढला, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन मला विचारलं, "मॅडम, बॅकअप आहे ना?"

बाई चार हातांवर होत्या. मी म्हटलं, "आहे."

हे दुसरं खोटं.

डबा उघडल्यावर आतून धुळीचा एक राखाडी थर निघाला. त्याचे हात भराभर चालत होते. काय करतोय ते तो सांगतही होता, कदाचित माझा चेहरा बघून. मेमरीच्या पट्ट्या कशा तिरक्या करून काढायच्या, रुंद केबलची लाल कड कुठल्या बाजूला येते. पॉवर सप्लायमधून निघालेले दोन पांढरे कनेक्टर दाखवून म्हणाला, "हे दोन्ही सारखेच दिसतात. उलटे लागले की बोर्ड खल्लास, धूर. लक्षात ठेवायचं एकच, दोन्हींच्या काळ्या वायरी मध्ये, एकमेकींना चिकटून."

जुना बोर्ड वर्तमानपत्रावर गेला. नवा आत बसला. मेमरी, डिस्प्लेचं कार्ड, डिस्कचं कार्ड जुन्यावरून नव्यावर आलं. त्याने बटण दाबलं. आकडे खरंच झरझर पळाले. मी श्वास सोडला, आणि स्क्रीन थांबली. ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही, अशा अर्थाची एक ओळ.

त्याने पुन्हा केलं. सेटिंगमध्ये जाऊन डिस्क आपोआप ओळखायचा पर्याय दाबला, काही आकडे आले, ते मान्य केले. तीच ओळ. तीनदा, चारदा. पंखा फिरत होता तरी त्याच्या मानेवर घाम आला.

"डिस्क गेली वाटतं," तो म्हणाला. "जुनी आहे. काही नाही, फॉरमॅट मारतो, बॅकअप टाकून घ्या."

त्याने आपली फ्लॉपी घातली, मशीन तिच्यावरून चालू केलं आणि टाइप केलं. स्क्रीनवर इशारा आला, डिस्कवरचं सगळं जाईल, पुढे जायचं का? शेवटी वाय आणि एन. त्याचं बोट वायकडे गेलं आणि मी त्याचं मनगट धरलं. घट्ट. परक्या पुरुषाचा हात मी आयुष्यात पहिल्यांदा असा धरला असेन.

"नको."

"अहो मॅडम, बॅकअप आहे ना तुमच्याकडे?"

मी आतल्या खोलीच्या दाराकडे बघत हळूच म्हटलं, "नाहीये."

हात सोडवून घेत तो म्हणाला, "मग आधी सांगायचं ना!" मी विचारलं, "जुन्या बोर्डावर तर चालत होती ना डिस्क?" तो वैतागला. "आता ते सगळं परत कुठे खोलत बसू? दुकानात डिस्क दुरुस्तीची फ्लॉपी आहे, ती आणतो. ठाण्याला जाऊन येतो, दोन-अडीच तासांत. तोपर्यंत हात लावू नका कशाला." आणि तो गेला. अवजारं, उघडा डबा, वर्तमानपत्रावरचा बोर्ड, सगळं तसंच टाकून.

मी त्या उघड्या डब्यासमोर बसले. बाईंना सांगायचं, आता सांगायचं, असं म्हणत म्हणत दहा मिनिटं गेली असतील. आणि फोन वाजला.

फोन बाईंनी घेतला. मला फक्त त्यांची बाजू ऐकू येत होती. "किती गेलंय?... प्रेशर?... बँकेत किती आहेत?... एकच?" फोन ठेवून त्या बाहेर आल्या. त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांचं कल्याणला प्रसूतिगृह होतं, तिथून फोन होता. सकाळी बाळंत झालेल्या एका मुलीचा रक्तस्राव थांबत नव्हता. गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत एकच बाटली होती, ती लावली होती.

"ओ निगेटिव्हची नावं काढ पटकन," बाई म्हणाल्या. मग त्यांना टेबलावरचा पसारा दिसला. "मशीन बंद आहे का अजून? बरं, कपाटातली छापील यादी घे."

मी उठले नाही.

"अगं, ऐकतेस ना?"

"बाई, यादी छापलेली नाही."

"म्हणजे या महिन्याची नाही? मागची घे."

"कुठलीच नाही. पावसाळ्याच्या आधीपासून नाही. मी तुम्हाला खोटं सांगितलं. फ्लॉपीपण खराब झालीये. आणि डिस्क चालत नाहीये."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डोळे मिटले, उघडले. "रडायचं नंतर," त्या म्हणाल्या. "आठवतंय कोण? तू टाइप केलीयेस ना सगळी नावं?"

दोन आठवली. एक कॉलेजमधला मुलगा, पण त्याने मागच्याच महिन्यात रक्त दिलेलं. दुसऱ्या बाई आंबिवलीच्या, त्यांचा पीपी नंबर मला अर्धाच आठवत होता. बाकी माझ्या डोक्यात नुसत्या ओळी होत्या, हिरव्या अक्षरांच्या, वाचता न येणाऱ्या.

"मी इकडेतिकडे फोन करते," बाई म्हणाल्या. "तू ते मशीन चालू कर."

"मला येत नाही, बाई. काही उलटसुलट झालं तर..."

"इथे दुसरं कोण आहे ज्याला येतं?"

त्या फोनकडे वळल्या. आणि मी स्क्रू ड्रायव्हर उचलला.

डोक्यात एकच गोष्ट होती. डिस्क सकाळपर्यंत चालत होती. जुना बोर्ड तिला ओळखत होता. कोर्सला सरांनी शिकवलेलं की डिस्कची मापं बोर्डाच्या सेटिंगमध्ये लिहिलेली असतात, आणि ती लक्षात ठेवण्यासाठी बोर्डावर छोटी बॅटरी असते. जुन्या बोर्डावर निळी पिंपासारखी बॅटरी डाक लावून बसवलेली मला दिसत होती. म्हणजे मापं तिच्यामुळे अजून शाबूत असणार. नव्या बोर्डाने डिस्कची मापं भलतीच धरली असतील तर डिस्क ठीकच असेल. असेल. या एका शब्दावर मी सगळं करत होते.

जुना बोर्ड डब्यात बसवायला वेळ नव्हता. औषधांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून मी तो डब्याशेजारी टेबलावर ठेवला आणि त्यावर बोर्ड ठेवला. प्लग भिंतीतून काढलाय ना, हे तीनदा बघितलं. नव्या बोर्डावरून दोन्ही कार्डं ओढून काढली. डिस्प्लेचं कार्ड निघेना, जोर लावावा तर मोडेल, न लावावा तर हलत नाही. एका बाजूने हलवत हलवत निघालं तेव्हा माझ्या बोटाला कापलेलं होतं आणि मला ते रक्त कार्डावर पडेल याचीच भीती. पदराला पुसलं. कार्डं जुन्या बोर्डावर दाबली, ती हवेत डुगडुगत उभी राहिली. मग ते दोन पांढरे कनेक्टर. मी ते हातात धरले. काळ्या मध्ये म्हणाला होता की कडेला? मध्ये. चिकटून. मी मोठ्याने म्हटलं, "काळ्या मध्ये." बाईंनी फोनवरून वळून बघितलं. लावले. पुन्हा काढले, पुन्हा बघितले, पुन्हा लावले.

प्लग घातला. बटण दाबताना मी तोंड बाजूला फिरवलं, धुरासाठी.

धूर आला नाही. पण स्क्रीन काळी, आणि आतून लांब लांब बीप. बीप, बीप, बीप.

मी बंद केलं. जळाला. मी जाळला. बाई फोनवर कुणाला तरी म्हणत होत्या, "नाही का? बरं, बरं," आणि पुढचा नंबर फिरवत होत्या. प्रत्येक नंबराच्या वेळी तबकडी परत फिरण्याचा आवाज मला ऐकू येत होता.

मग मेमरी दिसली. पट्ट्या अजून नव्या बोर्डावरच होत्या! मी त्या काढायच्याच विसरले होते. अंगठ्याच्या नखाने बारीक क्लिपा उघडल्या. एक क्लिप कट्‌कन वाजली, पण पट्टी बाहेर आली. जुन्या बोर्डात तिरकी घालून उभी केली. सगळ्या बसल्या. पुन्हा प्लग, पुन्हा बटण. स्टॅबिलायझरने टकटक केलं, दिवा मंद झाला, मला वाटलं आता लाइट जातेय. नाही गेली.

मेमरीचे आकडे मोजले गेले, सावकाश, नेहमीसारखे. डिस्कचा बारीक घरघराट सुरू झाला. आणि खाली सी, दोन टिंबं, आणि चमकणारी रेघ.

मी हाक मारली ती हाक नव्हतीच, किंचाळलेच. बाई धावत आल्या. मी ओ निगेटिव्ह मागितलं आणि आम्ही दोघी उभ्या राहून वाट बघत होतो. त्या वेळी मला कळलं की मशीनचा सावकाशपणा किती लांब असतो. त्या काही मिनिटांत मी टेबलाला स्पर्शसुद्धा केला नाही, धक्का लागून एखादं कार्ड हललं असतं तर? सहा नावं आली. मी ती कागदावर लिहून घेतली, प्रत्येक आकडा बाईंनी मोठ्याने वाचला.

कॉलेजचा तो मुलगा वगळला. चौघांचे फोन पीपी. एका ठिकाणी कुणी उचलेना, एक गावी गेलेला, दिवा स्टेशनजवळच्या एकाला बोलवायला शेजारीण गेली ती परत फोनवर आलीच नाही. आंबिवलीच्या बाईंचा निरोप पोचला, त्या रक्तपेढीकडे निघते म्हणाल्या. पण त्यांना घरून निघून पोचायला किती वेळ लागेल? आणि एक नाव होतं खाडीकाठच्या गावातलं, दवाखान्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. फोनच्या जागी काहीच नाही.

"मी जाते," मी म्हटलं.

तो माणूस पन्नाशीच्या आसपासचा कोळी. ओट्यावर जाळं पसरून फाटका भाग विणत बसलेला. घरात चौकशी न करता मी धापा टाकत त्याच्यासमोरच उभी राहिले. माझ्या पदराला रक्त, केस सुटलेले. तो घाबरून उठला.

"काय झाला गो पोरी?"

मी सांगितलं. कसंबसं, उलटसुलट. त्याने मध्येच हात वर केला.

"रगत द्यायचा ना? मग रडते कशाला? थांब, पाय धुतो."

पाय धुवून, सदरा घालून तो रिक्षात बसला आणि आम्ही कल्याणच्या रक्तपेढीकडे निघालो. पत्रीपुलावर रिक्षा अडकली. समोर ट्रक, मागे ट्रक. मी घड्याळ बघत होते, तो शांत बसलेला. मध्येच म्हणाला, "मागल्या खेपेला बाईंनी मला लोहाच्या गोल्या दिल्या व्हत्या. बाई बरी हाय." माझ्या मनात फक्त ती मुलगी होती, जिचं तोंड मी बघितलं नव्हतं, आणि ती जर गेली तर ते मशीनमुळे नाही, रिबनमुळे नाही, माझ्या एका "हो"मुळे, हे मला त्या पुलावर अगदी स्वच्छ दिसत होतं.

रक्तपेढीत त्याचं रक्त घेतलं, तपासण्या झाल्या. अंधार पडायच्या आधी आंबिवलीच्या बाईही पोचल्या. बाटली घेऊन प्रसूतिगृहाचा माणूस पळाला. मी त्या कोळी काकांना चहा-बिस्किटं देऊन बाकावर बसले आणि तेव्हा कुठे कापलेल्या बोटाला पट्टी मागून घेतली.

मुलगी वाचली. दोन दिवस धोका होता, बाई रोज सकाळी फोन करायच्या आणि ठेवल्यावर माझ्याकडे बघून मान हलवायच्या, इतकंच. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आज जेवली ती."

मशीन उघडलं त्याच संध्याकाळी, मी रक्तपेढीतून परतल्यावर मेकॅनिक आलेला. टेबलावर पुठ्ठ्यावर चाललेला बोर्ड बघून त्याने आणलेली फ्लॉपी पिशवीतच ठेवली. मग त्याने जुन्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्कची मापं उतरवून घेतली, नऊशे सत्त्याहत्तर, पाच, सतरा. नव्या बोर्डात हातानेच घातली आणि डिस्क पहिल्या फटक्याला चालू झाली. बाईंनी जखमेला लावायच्या चिकटपट्टीवर ते तीन आकडे लिहून डब्याला चिकटवले. तो निघताना मला म्हणाला, "मॅडम, मी वाय दाबणारच होतो हो." त्याचा चेहरा पडला होता.

मला बाईंच्या बोलण्याची भीती होती. आठवडा गेला, त्या काही बोलल्या नाहीत. मीच एकदा दवाखाना बंद करताना म्हटलं, "बाई, मी काम सोडू का?"

त्या हात धुत होत्या. "प्रिंटरच्या कागदाचं खोकं आहे ना कपाटाखाली," त्या म्हणाल्या, "ते पावसाळ्यापासून तेवढंच भरलेलं आहे. मी रोज बघत होते. मला माहीत होतं तू छापत नाहीस. म्हटलं, स्वतः सांगेल. विचारायला मलाही संकोच वाटला." नळ बंद करून त्यांनी हात पुसले. "माझाही त्यात वाटा आहे. उद्या रिबन आण."

मी त्या दवाखान्यात पुढे सहा वर्षं होते. त्या डब्यात आणखी मेमरी गेली, मोठी डिस्क गेली, आणि ते सगळं मीच बसवलं. लोक म्हणायचे, हिला भीती वाटत नाही. खरं तर प्रत्येक वेळी बटण दाबताना मी तोंड बाजूला फिरवायचे. अजूनही फिरवते.